घरातल्या माणसाचा जबाब

१

तुम्ही एका मुलाची आई काढलीत. शिवी देऊन नाही, शिक्का मारून. शिवी दिली असती तर निदान कॉलर तरी धरता आली असती. शिक्क्याला कॉलर नसते. तुमच्या पत्राखाली नाव नाही, हुद्दा नाही, नुसती एक सही आहे, तीही कोंबडीनं पाय ओढत नेल्यासारखी. आता त्या कोंबडीला कुठे शोधू?

म्हणून घडलं तसं सगळं लिहून काढतोय. मी लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्ट बंद पडून आत माणूस अडकला आणि ओरडायला लागला, की आम्ही आधी पान्याला हात घालत नाही. आधी वरून हाक देतो, "ऐकू येतंय हो, आलो!" तेवढ्यानं माणूस अर्धा बाहेर येतो. तुम्हाला एवढंही कुणी शिकवलेलं नाही.

पत्र मंगळवारी आलं. छोट्यानं उघडलं. छोट्या म्हणजे माझा पुतण्या. चौतिशी गाठली, दारातून वाकून आत येतो, पण आमच्या घरात एकदा चिकटलेलं नाव निघत नाही. त्यानं पत्र वाचलं, परत वाचलं आणि भिंतीला टेकला.

वहिनी स्वयंपाकघरातून डोकावल्या. "काय रे, काय आलंय?"

"काही नाही. वहिनी, तू आत जा. लाइटबिल आहे."

"लाइटबिलाला एवढा घाम येतो होय? असा किती दिवा जाळलाय आपण?"

त्या आत गेल्यावर त्यानं पत्र माझ्या हातात दिलं. तीन वाक्यं होती. अर्जदार ही पुरस्कर्त्याची आई असल्याचा दावा मान्य करता येत नाही. प्रत्यक्ष भेटीच्या वेळी घरातल्याच सदस्यानं केलेलं विधान या दाव्याशी जुळत नाही. अर्जदारानं महिनाअखेरीच्या आत देश सोडावा.

अर्जदार म्हणजे वहिनी. पुरस्कर्ता म्हणजे छोट्या. दादा, माझा थोरला भाऊ, दोन वर्षांपूर्वी गेला आणि वहिनी एकट्या पडल्या. तिकडचं घर भाड्याचं, तेही सुटलं. आमची सगळी माणसं केव्हाच इकडे येऊन पांगलेली. तिकडे आता वहिनींसाठी दार उघडणारं कुणी नाही, मुळात दारच नाही. छोट्या इथला कायमचा रहिवासी. त्यानं त्यांना पाहुणी म्हणून आणलं आणि मग इथेच राहू द्या म्हणून अर्ज केला. पोरानं आईसाठी अर्ज केला, यात नाकारण्यासारखं काय होतं?

पण ते सगळं राहिलं बाजूला. आमच्या डोक्यात घुसले ते दोनच शब्द. *घरातल्याच सदस्यानं.*

घरात आम्ही चौघं. वहिनी, छोट्या, छोट्याची बायको आणि बैठकीतल्या सोफ्यावर मी. वहिनी स्वतःविरुद्ध बोलणार नाहीत. उरलो तिघं. त्या दिवशी जेवताना कुणी कुणाकडे मीठसुद्धा मागितलं नाही.

तिघांपैकी एकानं वहिनींना विकलं होतं. आणि तो मी नव्हतो, एवढीच मला खात्री होती. निदान तेव्हा होती.

२

दुसऱ्या शहरात लेकीकडे राहणाऱ्या माझ्या ताईला फोन केला. ताई माझ्याहून मोठी, दादाहून धाकटी. उभा जन्म तिनं कोर्टात लघुलेखन केलं. साक्षीदार काय बोलतो ते जसंच्या तसं उतरवून घ्यायचं, हे तिचं काम. निवृत्त झाली, पण कान निवृत्त झाले नाहीत. घरात तिच्यासमोर थाप मारायची सोय नाही. तू मागे असं म्हणाला नव्हतास, असं म्हणून ती आपलंच वाक्य आपल्या तोंडावर मारते.

ती दुपारी आली. चप्पल काढता काढताच म्हणाली, "वहिनी, तुम्ही बसा हो इथे माझ्याजवळ. जेवण-बिवण नंतर."

वहिनी बसल्या. एव्हाना त्यांना सगळं कळलं होतं. लाइटबिलाची थाप पाच मिनिटंही टिकली नव्हती.

"मला एक सांगा कुणीतरी," वहिनी म्हणाल्या. "मी याची आई नाही, तर मग हा आलाय कुठून? आणि मी कोण आहे मग? ते तरी लिहिलंय का पत्रात?"

लिहिलं नव्हतं. हीच तर गंमत. तुम्ही सांगितलंत की ही आई नाही. कोण आहे, ते सांगायला विसरलात.

"पण जन्माचा दाखला जोडला होता ना?" ताईनं विचारलं.

"जोडला होता," छोट्या म्हणाला. "त्यावर हिचं माहेरचं आडनाव आहे. बाळंतपण माहेरी झालं, दवाखान्यात मामानं नाव सांगितलं, त्याला तेच सुचलं. पासपोर्टवर सासरचं. त्यांना शंका आली, म्हणून तर माणसं घरी बघायला आली. एक तपासनीस साहेब आणि एक दुभाषी बाई. टेबलावर रेकॉर्डर ठेवून बसले होते."

"आणि त्या भेटीत कुणीतरी काहीतरी बोललं."

"मी नाही," छोट्या म्हणाला.

"मी नाही," सूनबाई म्हणाली.

"मी तर नाहीच," मी म्हणालो.

ताईनं आमच्याकडे असं पाहिलं की आम्हाला एकदम पिंजऱ्यात उभं राहिल्यासारखं झालं. "कोर्टात पहिलं वाक्य हेच असतं," ती म्हणाली. "ते मी लिहून घ्यायचे, पण शाई वाया गेल्याचं वाईट वाटायचं. चल, आधी तुमच्या त्या अर्ज भरणाऱ्याकडे. दोन आडनावांची भानगड त्याला दिसली नाही?"

३

अर्ज भरून देणाऱ्याचं दुकान म्हणजे दोन दुकानांमधली फट. एक संगणक, एक झेरॉक्स मशीन, भिंतीवर पांढरा पडदा आणि पुढ्यात फोटोसाठी स्टूल. त्याला सगळे फॉर्मवाला म्हणतात. तो सगळ्यांना साहेब म्हणतो, ताईलासुद्धा.

"साहेब, माझ्यावर डाउट नका घेऊ. मी काय घरातला सदस्य आहे का? पत्रातच मी सुटलोय."

"सुटला नाहीस," ताई म्हणाली. "अर्जात एक रकाना असतो. अर्जदार इतर कोणत्या नावानं ओळखली जाते का? तिथे तू काय लिहिलंस?"

त्यानं संगणकाच्या पडद्यावर अर्ज उघडला. रकान्यात लिहिलं होतं, *नाही.*

"असं का?"

"साहेब, माझा नियम आहे. रकाना रिकामा दिसला की त्यांच्या पोटात दुखतं. आणि हो लिहिलं की पुढे आणखी चार रकाने उघडतात. 'नाही' हा सगळ्यात सेफ शब्द. गुन्हा केलाय का? नाही. आजार आहे का? नाही. दुसरं नाव आहे का? नाही. धडाधड संपतं काम."

"नाव विचारलं होतं, गुन्हा नव्हता विचारला!" मी ओरडलो. "माहेरचं आडनाव तिथे टाकलं असतं तर दाखला जुळला असता. तुझ्या त्या सेफ शब्दानं ही माणसं घरापर्यंत आणली!"

फॉर्मवाला ओशाळला. मग उसळला. "आणि तुमचा फॉर्म काय साधा होता? तुमचं नातं टाकताना माझं डोकं फुटलं. त्यांच्या यादीत काका, मामा, मावशीचा नवरा, आत्याचा नवरा, सगळ्यांना मिळून एकच शब्द! तुम्ही म्हणता, माझं नीट लिही, मी सख्खा चुलता आहे. कुठे लिहू? माझ्या कपाळावर?"

खरं होतं ते. त्या दिवशी मी तासभर वाद घातला होता. तुमच्या यादीत चार पुरुष एका शब्दात कोंबलेले. शेवटी दमून मीही त्याच गर्दीत जाऊन उभा राहिलो होतो.

ताई मात्र पडद्यावरच्या त्या 'नाही'कडे बघत राहिली.

"दुसरं कुठलंच नाव नाही," ती हळूच म्हणाली. "असं आपण लिहून दिलंय. सही करून."

"हो. माहेरच्या आडनावाचा घोळ."

"आडनावाचाच ना?" ती म्हणाली आणि दुकानाबाहेर पडली. मला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत मला काही कळलंच नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

४

घरी परतताना मी ताईला थांबवलं. जे मनात धरून होतो ते बोललो. चांगलं नव्हतं, पण बोललो.

"सूनबाईनं केलंय."

"कशावरून?"

"मी ऐकलंय. भेटीच्या आदल्या दिवशी. बाल्कनीत फोनवर बोलत होती. आईला परत पाठवून दे, इथे तिचं मन रमणार नाही. हे माझ्या या कानांनी ऐकलं. सासू नकोशी झालीय तिला. तोंडावर आई, आई, आणि मागून असं."

ताईनं माझा दंड धरला. "परत सांग. जसं ऐकलंस तसं. एक अक्षर इकडचं तिकडे करू नकोस."

"आईला परत पाठवून दे, इथे तिचं मन रमणार नाही."

"आईला म्हणाली?"

"आईलाच."

"तिचं मन?"

"तिचंच की. आणि कुणाचं?"

ताई चालायला लागली, भरभर. घरी पोचताच तिनं मला बैठकीत उभं केलं आणि आत हाक मारली, "सूनबाई, सासूबाई कुठे आहेत गं?"

आतून उत्तर आलं, "आईंना जरा पडायला सांगितलंय, आत्या. त्यांचं डोकं दुखतंय सकाळपासून."

ताई माझ्याकडे वळली. "ऐकलंस? सासू असेल तर आईंना, त्यांचं. तू ऐकलंस ते आईला, तिचं. ज्या आईला ती 'तिचं' म्हणते ती आई कोण?"



सूनबाई हात पुसत बाहेर आली. तिला बिचारीला काय चाललंय ते कळेना. ताईनं सरळ विचारलं. तिचा चेहरा उतरला, मग माझ्याकडे बघून चांगलाच चढला.

"माझ्या आईविषयी बोलत होते मी! माझ्या भावाशी. त्यानं तिला स्वतःकडे नेलीय, ती रोज रडते, घरी जायचं म्हणते. तिला पाठवून दे म्हणत होते." मग माझ्याकडे वळून, "काका, बाल्कनीत कान लावून उभं राहायचं तर निदान पूर्ण तरी ऐकायचं! आणि हे पत्र आल्यापासून तुम्ही मला चहासुद्धा मागत नव्हतात. मला वाटलं डायबिटीस झाला तुम्हाला!"

जमिनीत लिफ्ट असती तर तळमजल्याखाली गेलो असतो.

म्हणजे सूनबाई सुटली. ताईनं एका अनुस्वारावर तिला निर्दोष सोडली होती. पण त्यानं माझी पंचाईत वाढली. आता उरले दोघंच. मी आणि छोट्या. मी बोललो नव्हतो. मग पोरानंच आईविरुद्ध जबाब दिला?

५

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईनं आम्हा दोघांना टेबलाशी बसवलं. जिथे रेकॉर्डर ठेवला होता तिथे मिठाची बरणी ठेवली.

"हा रेकॉर्डर. आता बोला."

"मला विचारलं, ही तुमची कोण?" छोट्या म्हणाला. "मी म्हणालो, माझी आई. वडील? वारले. भावंडं? नाहीत, मी एकटा. सगळं खरं सांगितलं, आत्या. एक शब्द खोटा नाही."

"ही झाली उत्तरं. उत्तरं पाठ केलेली असतात. कोर्टात साक्षीदार पिंजऱ्यात चढला की तोलून मापून बोलतो, आणि पाणी मागताना स्वतःसारखा बोलतो. त्या दिवशी प्रश्न सुरू व्हायच्या आधी तू काय बोललास?"

छोट्यानं डोळे मिटले. "ते आले. बसले. मी आत वहिनीला हाक दिली, पाहुण्यांना पाणी दे गं. मग ती दुभाषी बाई गोड बोलायला लागली. तिचं मराठी जरा पुस्तकी होतं, पण बरं वाटलं ऐकून. रेकॉर्डर चालूच होता. म्हणाली, ह्या इथे कधीपासून वास्तव्यास आहेत? तिला काहीतरी सांगितलं मी. कसे दिवस गेले, का आणलं, असंच."

"आणि?"

"आणि ती लिहायची थांबली. साहेबांच्या कानाशी लागली. मग एकदम विचित्र प्रश्न. तुम्हाला मोठा भाऊ होता का? मी म्हटलं, नाही हो, मी एकुलता एक. तिनं परत विचारलं. नक्की मोठा भाऊ नव्हता? मी म्हटलं, नक्की. मला वाटलं, रकाना असेल एखादा."

ताईच्या कपाळावरची आठी गेली. मला वाटतं, तिथेच गेली.

"आणि तुला काय विचारलं?" तिनं माझ्याकडे वळून विचारलं.

मला सांगायची लाज वाटत होती. "मला विचारलं, तुमचं लग्न झालंय का."

"मग?"

"मग काय? नाही म्हटलं. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, कुणीतरी विचारलं. नवा शर्ट आणला मी त्या आठवड्यात."

सूनबाई खो खो हसली. आतून वहिनीही हसल्या. ताई नाही हसली.

"भाऊ नसलेल्या माणसाला मोठ्या भावाविषयी दोनदा विचारतात. आणि घरातला दुसरा पुरुष बिनलग्नाचा आहे का, ते बघतात. ती बाई एक हिशेब लावत होती. तिला एक नवरा कमी पडत होता." तिनं मिठाची बरणी उचलून बाजूला ठेवली. "जबाब कुणी दिला ते कळलं. आणि त्याला तो शब्द शिकवला कुणी, तेही कळलं."

तिनं छोट्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि नजर तिथेच ठेवली.

६

"मी?" मी म्हणालो. "मी काय केलं?"

"गप्प बस आणि एक वाक्य बोल. दादा वारल्यावर काय झालं? एका दमात सांग."

"दादा गेला आणि वहिनी एकट्या पडल्या."

"छोट्या, आता तू. त्या बाईला सांगितलंस तसंच."

"दादा गेले, वहिनी एकटी पडली, मग मी तिला इकडे घेऊन आलो."

मला अजूनही काही दिसत नव्हतं. बरोबरच तर होतं दोघांचं. मग सूनबाईनं तोंडावर हात ठेवला.

"अगं बाई," ती म्हणाली. "तुम्ही आईंना वहिनी म्हणता."

छोट्या तिच्याकडे बघतच राहिला. "म्हणजे काय? वहिनीला वहिनी नाही तर काय म्हणणार?"

वाचणाऱ्यानं आता मागे जाऊन बघावं. पहिल्या पानापासून तो तेच म्हणतोय. पत्र आलं तेव्हाही म्हणाला, वहिनी, तू आत जा. मी लिहिलं, तुम्ही वाचलंत, कुणालाच खटकलं नाही. घरात जी गोष्ट रोज वाजते ती ऐकू येत नाही. घड्याळाची टिकटिक ऐकू येते का? दुभाषी बाईला आली, कारण तिच्यासाठी ते घड्याळ नवीन होतं.

ताई सांगत गेली आणि मी ऐकत गेलो. छोट्या जन्मला तेव्हा घरात मी होतो, ताई होती, आमची आणखी दोन भावंडं होती, आणि आम्ही सगळे दिवसभर एकच हाक मारायचो. वहिनी, भूक लागली. वहिनी, माझी चड्डी कुठेय. त्यात सगळ्यात मोठा घसा माझा. दहा वर्षांचा होतो मी, छोट्या माझ्याच काखेत वाढला. घरात 'आई' ही जागा आधीच भरलेली होती. आई म्हणजे आमची आई. छोट्याही आजीला आईच म्हणायचा. बापाला दादा म्हणायचा, कारण आम्ही दादा म्हणायचो. तान्ह्या पोराला नाती कोण समजावून सांगतं? ते हाका उचलतं.

"याचा पहिला शब्दच तो," वहिनी दारात उभ्या होत्या. "'वयनी' म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, सवय मोडा त्याची. मी म्हटलं, असू दे. हाक तर मलाच मारतोय ना."

आता त्या बाईच्या कानानं ऐका. माणूस सांगतो, ही माझी आई. आणि मग सहज बोलून जातो, दादा गेले, वहिनी एकटी पडली. पुस्तकात दादा म्हणजे थोरला भाऊ. वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. म्हणजे ही बाई मेलेल्या भावाची विधवा. पण हा म्हणतो, मला भाऊच नव्हता! मग भाऊ लपवतोय. का लपवतोय? वहिनीला आई म्हणून खपवायचंय म्हणून. त्यात दाखल्यावर आडनाव वेगळं, आणि दुसरं नाव विचारलं तर अर्जात ठणठणीत 'नाही'. वर सूनबाई तिला आई म्हणतेय, म्हणजे कदाचित बायकोचीच आई असेल! कशाला काही जुळत नव्हतं तिचं. माझं तरी इतके दिवस कुठे जुळत होतं?

"म्हणजे चूक आपलीच," छोट्या खाली बसला. "मीच हिला घालवली."

"नाही," ताई म्हणाली. "तूच तिला वाचवलीस. त्याच वाक्यात. हा तुझा काका म्हणतो, दादा गेला, वहिनी एकट्या पडल्या. भावाला अरे-तुरे आणि वहिनीला मान. तू म्हणतोस, दादा गेले, वहिनी एकटी पडली. बापाला मान आणि आईला अगं-तुगं. हाका त्याच, पण क्रियापदं बरोब्बर उलटी. हाक उसनी घेता येते रे. क्रियापद उसनं येत नाही. वहिनीला एवढ्या हक्कानं 'पाणी दे गं' आमच्या घरात कुणी म्हटलंय? मी नाही म्हटलं, यानं नाही म्हटलं. आम्ही आजही 'द्या' म्हणतो. त्या बाईनं शब्दाचा अर्थ लावला आणि शेपूट सोडून दिलं. माझ्या वहीत असं उतरवलं असतं तर साहेबांनी घरी बसवलं असतं मला."

छोट्या उठला. "मग बदलतो. आजपासून आई म्हणतो. परत आले तर आई म्हणूनच हाक मारीन."

"म्हणून बघ," ताई म्हणाली.

वहिनी तोवर पाठमोऱ्या होऊन स्वयंपाकघरात गेल्या होत्या. त्यानं घसा साफ केला. सहा फुटांचा बाप्या, तोंडातून शब्द निघेना. शेवटी निघाला.

"आई."

वहिनी वळल्या नाहीत. परत म्हणाला, मोठ्यानं. तेव्हा त्यांनी मान वळवली, आणि त्याच्याकडे नाही पाहिलं, दाराकडे पाहिलं. सासूबाईंना जाऊन कित्येक वर्षं झाली, तरी त्यांनी दाराकडे पाहिलं.

मग त्यांच्या लक्षात आलं.

"मला म्हणालास होय?" त्या म्हणाल्या. "नको रे बाबा. असं परक्यासारखं नको हाक मारू. हाकलतायत तर हाकलू देत. पण जाताना तरी माझ्या नावानं हाक मार."

७

अपील केलं. फॉर्मवाल्यानं फुकट भरून दिलं, मान खाली घालून. इतर नावं या रकान्यात ताईनं त्याला माहेरचं आडनाव लिहायला लावलं आणि त्यापुढे लिहायला लावलं, *वहिनी.* तो म्हणाला, "साहेब, हे नाव नाही, नातं आहे." ताई म्हणाली, "ते त्यांना सांग. त्यांना दोन्हींतला फरक कळला असता तर आपण इथे आलो नसतो."

सोबत जोडपत्र दिलं. चार भाषातज्ज्ञांना विचारा म्हटलं. रक्त तपासा म्हटलं, त्याची सुई सोसू. तुमच्याकडून पोच आली. योग्य वेळी कळवण्यात येईल. पण महिनाअखेर काही योग्य वेळेसाठी थांबत नाही. वहिनींची बॅग भिंतीला लावून ठेवलीय. अर्धी भरलेली. भरायची की उपसायची ते कुणाला ठाऊक नाही. येता-जाता आम्ही तिला ठेचकाळतो.

दुभाषी बाईवर माझा राग नाही. तिला शब्द माहीत होता, घर माहीत नव्हतं. राग तुमच्यावर आहे. तुम्हाला शंका आली, आणि तुम्ही विचारलं नाहीत. "तुम्ही आईला वहिनी का म्हणता?" एवढा एक प्रश्न. छोट्यानं हसत हसत उत्तर दिलं असतं, वहिनींनी 'वयनी'ची गोष्ट सांगितली असती, आणि तुमच्या साहेबांना आणखी एक कप चहा मिळाला असता. तुम्ही मोठ्या भावाविषयी दोनदा विचारलंत. आईविषयी एकदा विचारायला तुमची जीभ का उचलली नाही?

तो आवाज तुमच्याकडे आहे. आमच्या टेबलावरचा, तुमच्याच यंत्रातला. काढा तो. अगदी सुरुवातीला लावा, जिथे अजून कुणी काही विचारलेलं नाही आणि कुणी काही पाठ केलेलं नाही. एक माणूस स्वयंपाकघराकडे तोंड करून पाणी मागतोय. ऐका नीट. तो 'दे' म्हणतोय की 'द्या' म्हणतोय?

एवढंच सांगा. दुसरं काही विचारत नाही.

उत्तर द्या. आम्ही तुम्हाला अजून 'द्या' म्हणतोय. 'दे' आम्ही फक्त आईला म्हणतो.